जुळ्याचा शनिवार

"माझं जुळं जेवलं का गं?"

बालमणीबाई वडनाल तपासणीला आल्या की पहिला प्रश्न हाच असायचा. स्वतःचा खोकला, ताप, गेलेली भूक, ते सगळं नंतर. मैत्रेयी मास्कच्या आडून सांगायची, "जेवलं मावशी. सकाळीच वाढून आलेय." मग बाई खुर्चीत टेकायच्या आणि दंडावरची पट्टी दाखवायला हात पुढे करायच्या.

मला हे जुळं प्रकरण पहिल्यापासून पसंत नव्हतं, अगदी नावासकट. कागदोपत्री त्याला 'रुग्ण-ऊती-प्रतिरूप' असं भारदस्त नाव आहे, आणि औषधशास्त्राची विभागप्रमुख या नात्याने तेच वापरायचा माझा आग्रह होता. पण बारसं बालमणीबाईंनी केलं आणि त्यांच्यापुढे माझी डाळ शिजली नाही. बघता बघता सगळी प्रयोगशाळा जुळं म्हणू लागली. एका बैठकीत अधिष्ठात्यांच्याही तोंडून तेच निघालं, तेव्हा मी नाद सोडला.

त्याच सुमारास सोलापुरात आमच्याकडे तो जोड-अभ्यासक्रम आला होता. औषधनिर्माण शिकायला आलेल्या मुलांनी पहिल्या वर्षापासूनच संशोधनही करायचं. सकाळी पेशंटजवळ, दुपारी प्रयोगशाळेत. आमच्या वेळी आधी पदवी, मग नोकरी, मग केस पिकायला लागले की संशोधन, असा क्रम होता आणि त्यात कुणाचं काही अडलं नव्हतं. मी विरोधात मत दिलं. "दोन घरचा पाहुणा उपाशी. पोरं धड औषधंही शिकणार नाहीत आणि धड विज्ञानही," असं भर बैठकीत बोलले. ठराव मंजूर झाला, आणि बोलते फार म्हणून की काय, अभ्यासक्रम माझ्याच गळ्यात पडला.

पहिल्या तुकडीत मैत्रेयी लवटे होती. सांगोल्याची, वडिलांची डाळिंबाची रोपवाटिका. ही मुलगी प्रश्न विचारायला लागली की समोरच्याने चहा मागवून ठेवावा, कारण लवकर सुटका नसे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पेशंट आणि त्या पेशंटचं जुळं सोपवलं जायचं. दोघांचीही काळजी त्यानेच घ्यायची. मैत्रेयीच्या वाट्याला बालमणीबाई आल्या.

जुळं म्हणजे काय, ते सांगते. पेशंटचं चमचाभर रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींना उलट्या पावली चालवत त्यांच्या बालपणात न्यायचं. मोठेपणी कातडी व्हायचं, हृदय व्हायचं की यकृत, हे पेशीने अजून ठरवलेलं नसतं, तिथपर्यंत. मग ठरावीक रसायनं देऊन त्यांना यकृताच्या वाटेला लावायचं. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या पारदर्शक चिपमध्ये केसाहून बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांतून गुलाबी पोषकद्रव फिरत राहतो आणि तिथे या पेशी वसाहत करतात. काही आठवड्यांत त्या पेशंटचंच यकृत, पण तांदळाच्या कणीएवढं, कामाला लागतं. माणूस बाहेर फिरतो आणि त्याच्या यकृताची चिमुकली आवृत्ती आमच्याकडे ऊबदार कपाटात राहते.

हा खटाटोप कशासाठी? बालमणीबाईंचा क्षय चिवट होता. नेहमीच्या औषधांना त्याने भीक घातली नव्हती. जी औषधं जंतू मारत, ती बाईंच्या यकृतालाच सोसत नव्हती. दोनदा कावीळ होऊन उपचार अर्धवट सुटले होते. आता तीन नव्या औषधांचा एक मेळ तेवढा हातात होता. त्याच्यापुढे काही नव्हतं. म्हणून तो मेळ आधी जुळ्याला द्यायचा. किती मात्रा सोसते ते बघायचं आणि मग बाईंना. जुळ्याने ती औषधं छान पचवली. बाईंना सुरू केली, आणि थुंकीतले जंतू भराभर कमी व्हायला लागले. मैत्रेयीने सगळ्या विभागाला पेढे वाटले. मी एक घेतला, पण इतक्यात वाटायला नको होते असं बजावूनच.

माझं बोलणं खरं ठरावं असं मला मुळीच वाटत नव्हतं, पण ठरलं. बाईंच्या दंडावरची पट्टी कातडीखालच्या पाण्यातून यकृताचं एन्झाइम मोजून आम्हाला कळवत असे. यकृत दुखावलं की हे एन्झाइम वाढतं. ते वाढायला लागलं. आधी थोडं, मग बरंच. बाईंचे डोळे पिवळसर दिसू लागले. इकडे जुळं मात्र तीच औषधं पिऊन खुशाल होतं.

सोमवारच्या बैठकीत छातीरोगाचे डॉक्टर हिरेमठ फार मऊ आवाजात बोलले. मऊ आवाजात बोलले की समजावं, बातमी वाईट आहे. "जुळं ठणठणीत आणि पेशंट पिवळी. मग या जुळ्याचं करायचं काय आपण? लोणचं घालायचं?"

"सर, जुळं खोटं बोलत नाही," मैत्रेयी म्हणाली.

"मग बाईंचं यकृत खोटं बोलतंय का?"

हिरेमठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या बैठकीपर्यंत आकडा उतरला नाही तर औषध बंद करावं लागेल. तो नियमच होता, आणि नियम शहाणपणाचा होता. यकृत गेलं तर माणूस क्षयाआधीच जातो. पण औषध बंद म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बाईंच्या मुलाला भिवंडीत मुलगी झाली होती. संसर्गाच्या भीतीने त्यांनी नातीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. फोनवर तिचं तोंड बघून त्या मास्क काढायच्या आणि पुन्हा घाईने लावायच्या, जणू फोनमधून जंतू जातील.

दुसऱ्या दिवशी मैत्रेयी माझ्या खोलीत आली ती हातातल्या टॅबवर आलेख उघडूनच. "मॅडम, आपल्याला आठवड्याची सरासरी दिसते. मी रोजचे आकडे मागवले. हे बघा."

रेघ सरळ वर चढत नव्हती. दर रविवारी तिला एक उंचवटा यायचा. मग मधल्या वारांत ती थोडी उतरायची, पण पूर्ण उतरायच्या आत पुढचा रविवार यायचा. पायरी पायरीने ती वर सरकत चालली होती.

"म्हणजे शनिवारी काहीतरी होतंय," मी म्हणाले. "झाडपाला घेत असेल कुणाकडून. नाहीतर अंगदुखीच्या गोळ्या. विचार की तिलाच."

"विचारलं. म्हणतात, काही नाही, शिवते आणि झोपते. आणि मला नाही म्हणाल्या तर नाही. त्या माझ्याशी खोटं बोलत नाहीत."

"तुझ्याशी कुणीच खोटं बोलत नाही बाई. जुळं नाही, मावशी नाही." मी चिडवलं, पण शनिवारी तिच्याबरोबर निघाले. औषध बंद होईल हे बाईंना कधीतरी सांगायला हवंच होतं, आणि ते काम मी त्या पोरीवर ढकलणार नव्हते.

बालमणीबाई विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहतात. तरुणपणी त्यांनी विड्या वळल्या, फुप्फुसाला पहिला त्रास बहुधा तिथलाच. आता त्या भागात शाळेचे गणवेश शिवतात. कापड कापण्यापासून शिवणापर्यंत सगळं यंत्र करतं. कॉलर बसवणं तेवढं त्याला अजून नीट साधत नाही. आम्ही गेलो तेव्हा बाई दारातल्या उजेडात मास्क लावून कॉलरीच लावत होत्या. भिंतीवर बालाजीचा फोटो, त्याला तुळशीची ताजी माळ.

"अगं बाई, मोठ्या मॅडम! फोन तरी करायचा की ओ. बसा, चहा टाकते."

"तुम्ही घेणार का?" मैत्रेयीने विचारलं.

"मी घेतले की मगाशी."

मैत्रेयी सरळ आत गेली. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून झाकणं उघडायला धाडस लागतं, पण ते हिला उपजतच आहे. ती परत आली. "मावशी, ओट्यावर एक भांडं ओलं नाही. शेगडी गार आहे. सकाळपासून काय खाल्लंत?"

"औषध खाल्ले की. तुझ्या तिन्ही गोळ्या. वेळेवर."

"आणि जेवण?"

"आज शनिवार हाय," बाई म्हणाल्या, जसं काही यात सगळं आलं. "आमच्यात सगळेच धरतात. बालाजीचा असतंय."

मी मनात कपाळावर हात मारला. आम्ही भरून घेतलेल्या माहितीत 'आहार नियमित आहे का?' असा प्रश्न होता आणि बाईंनी 'होय' सांगितलं होतं. त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. दर शनिवारी उपवास, याहून नियमित काय असणार?

"रात्री सोडत असाल ना?" मी विचारलं.

हातातली कॉलर त्यांनी नीट घडी करून मशीनवर ठेवली. "आधी सोडायची. संध्याकाळी पुलिहोरा करायचा, चिंचेचा भात, नैवेद्य दाखवायचा आणि खायचं. आता नाही सोडत. रविवारी आंघोळ करूनच खाते."

"आता म्हणजे कधीपासून?"

"तुम्ही मला ते काचेतलं दाखवलाव तेव्हापासून." त्यांनी मैत्रेयीकडे बघितलं. "एवढुसं होतं बघ. नुसतं हलायलं होतं. आणि तू म्हणलीस, मावशी, औषध आधी ह्याला देणार, काय वाईट व्हायचं ते ह्याला होऊ दे, तुम्हाला नको. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही पोरी. माझ्या वाटणीचं विष ते पिणार, आणि मी इकडं भात खाणार? मग मी बालाजीला बोलले, त्याला सांभाळ, मी शनिवारी पाण्याशिवाय तोंडात काही घालत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"नवस कुणी सांगतं व्हय? बोलून दाखवला की फळत नाही. आता सांगितले म्हणजे गेलाच की." आणि बाई रडायला लागल्या.

पस्तीस वर्षं मी औषधांचे दुष्परिणाम शिकवते आहे, पण प्रयोगाच्या नमुन्याची कणव येऊन कुणी उपाशी राहिलेलं माझ्या ऐकण्यात नव्हतं. मैत्रेयी खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिली. तिचेही डोळे भरले होते, पण मी तिला ओळखते, डोक्यात चक्रं फिरायला लागली होती.

इथे थोडं विज्ञान सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. औषध यकृतात मोडलं जातं तेव्हा त्याचे काही विषारी तुकडे निघतात. ते तुकडे पेशींना इजा करायच्या आत यकृत त्यांना एका पदार्थात गुंडाळून बाहेर टाकतं. त्याचं नाव ग्लुटाथायोन. हा पदार्थ यकृत स्वतः बनवतं, पण त्याचा कच्चा माल जेवणातून येतो. आधीच खंगलेलं शरीर दिवस-रात्र उपाशी राहिलं की साठा आटतो. गोळ्या मात्र ठरल्या वेळी पोटात जातच असतात. मग ते तुकडे मोकाट सुटतात आणि रविवारी रेघेला उंचवटा येतो. आमच्या जुळ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या नळ्यांतून साखर आणि प्रथिनं अखंड वाहत होती, आणि वर मैत्रेयी मायेने ताजा द्रव वाढत होती. जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांत पेशींना असंच जेवू घालतात. पेशींना उपवास असतो, हे कुणाच्या डोक्यात यावं? जुळं खोटं बोलत नव्हतं, ते फक्त रोज पंगतीला बसलेलं होतं.

"मॅडम, सिद्ध करता येईल," मैत्रेयी मला हळूच म्हणाली. "जुळ्याला एक शनिवार उपाशी ठेवून गोळ्या द्यायच्या. पेशी मरायला लागल्या की हिरेमठ सरांना पुरावा मिळाला."

हळू बोलली तरी बाईंनी ऐकलं. रडणं थांबलं. "उपाशी मारणार त्याला? माझ्यासाठी? मी सही देणार नाही."

त्या पेशी बाईंच्या होत्या. त्यांची सही नसेल तर कायद्याने आम्हाला चिपला बोटसुद्धा लावता येत नव्हतं. आणि दुसरं जुळं वाढवायला वेळ लागला असता, तेवढा वेळ बैठक देणार नव्हती.

"मग तुम्ही जेवा बालमणीबाई," मी म्हणाले. "शनिवारी दोन वेळा नीट जेवा. आकडा उतरला की तोच पुरावा. जुळ्याला हात लावायला नको."

"आणि त्याला काही झालं मग? देवाला त्याच्यासाठीच बोलले ना मी?"

मी त्यांना समजावलं. ग्लुटाथायोन समजावलं, रेघ दाखवली, औषध बंद झालं तर काय होईल तेही, जितक्या हळुवारपणे मला जमतं तितक्या हळुवारपणे, सांगितलं. नातीचं नाव काढलं. बाई ऐकून घेत होत्या, मान डोलावत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. मरणाची भीती त्यांना नव्हती असं नाही. पण आपला जीव वाचावा म्हणून दुसऱ्यासाठी केलेला नवस मोडायचा, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. माझी सगळी विद्वत्ता पालथ्या घड्यावर पाणी ठरली.

"मावशी," मैत्रेयी म्हणाली, "मी धरला तर?"

"काय?"

"तुमचा शनिवार. माझ्या आत्याचा गुरुवार असायचा. ती दवाखान्यात होती तेव्हा आई धरायची तो. उपवास मोडला नाही, फक्त दुसऱ्या माणसाने केला. तुमच्यात चालत नाही का असं?"

"चालतंय की. पण ते घरातल्या माणसानं धरायचं असतंय."

"मग मी कोण आहे?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. मग मला माझ्या हुद्द्याची आठवण झाली. "मैत्रेयी, वेडेपणा करू नकोस. संशोधकाने प्रयोगात स्वतः उतरायचं नसतं. अंतर राखायचं असतं."

"मॅडम, सकाळी तुम्हीच मला सांगता, पेशंटच्या जवळ बसा, त्याचं ऐका. दुपारी लॅबमध्ये येते ती दुसरी कुणी असते का?"

उलट उत्तर होतं, पण रागवायला मला त्यात काही सापडलं नाही.

बाईंनी मात्र लगेच होकार दिला नाही. त्यांनी तिची तोंडी परीक्षा घेतली. माझ्या पस्तीस वर्षांत इतका कडक परीक्षक मी पाहिला नाही.

"चहा?"

"नाही."

"ते तुमचं शक्तीचं पाणी पिता की, बाटलीतलं?"

"नाही. साधं पाणी."

"साबुदाणा? भगर? आमच्यात असलं काही चालत नाही बघ. पळवाट नाही."

"पळवाट नाही."

"आणि चिडचिड करायची नाही. उपाशी राहून माणसांवर ओरडलं की उपवास वाया."

इथे मैत्रेयी जरा थबकली. "प्रयत्न करीन."

"रविवारी आंघोळ करूनच सोडायचा."

"होय."

"त्याच्यासाठी धरायलीस, तुझ्या परीक्षेसाठी नाही. मनात परीक्षा आणायची नाही."

"नाही आणत."

बाईंनी उठून देवापुढे हात जोडले. तेलुगूत बराच वेळ काहीतरी बोलल्या. मला 'मैत्रेयी' एवढंच कळलं. मग शेगडी पेटवली आणि चिंच भिजत घातली. पुलिहोरा झाल्यावर नैवेद्य दाखवला आणि ताट घेऊन त्या बसल्या. पहिला घास हातात तसाच राहिला. मैत्रेयी समोर पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. "खा मावशी, माझा सुरू झाला," ती म्हणाली. तेव्हा कुठे तो घास तोंडात गेला. बाई जेवल्या. मीही जेवले, दोनदा भात मागून घेतला. माझ्यावर कुणाचाच नवस नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी आंघोळीआधीच आकडे उघडून बसले. उंचवटा होताच, शनिवारी सकाळी बाई उपाशीच होत्या. पण नेहमीपेक्षा अर्ध्याहून कमी होता. सोमवारी हिरेमठांनी रेघ बघितली, मैत्रेयीचं सगळं ऐकून घेतलं आणि मऊ आवाज टाकून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "पुढच्या बैठकीपर्यंत औषध चालू." त्याच्या पुढच्या रविवारी उंचवटा नव्हताच. रेघ उतरायला लागली ती उतरतच गेली.

शनिवारी प्रयोगशाळेत मैत्रेयीच्या वाटेला कुणी जात नसे. चिडायचं नाही ही अट ती पाळायची, पण ते पाळताना तिचा चेहरा असा व्हायचा की चिडलेली परवडली. तोंड कोरडं, आणि हाताने जुळ्याला गुलाबी द्रव वाढतेय. दुपारी बालमणीबाईंचा फोन यायचा.

"मी जेवले गं. तू नाही ना जेवलीस?"

"नाही मावशी."

"त्याला वाढलीस?"

"वाढलं."

"मग ठीक हाय." फोन बंद.

एका शनिवारी मी माझा डबा तिच्यासमोर उघडला. खोडी काढायची म्हणून नव्हे, विसरले म्हणून. तिने एकदा डब्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी डबा बंद केला, आणि त्यानंतर शनिवारचं माझं जेवण मी घरी जाऊन करायला लागले.

थुंकी स्वच्छ आली, पुन्हा तपासली, पुन्हा स्वच्छ आली. उपचार पुरे झाल्याचं हिरेमठांनी सांगितलं त्या दिवशी बालमणीबाईंनी मास्क काढला आणि मैत्रेयीला जवळ ओढलं. "माझा शनिवार मला परत दे आता. खूप झालं तुझं. वाळलीस नुसती."

"रात्री सोडायचा पण," मैत्रेयी म्हणाली. "पुलिहोरा करून."

"सोडते की. आता कुणाला विष पाजायचं नाही म्हणल्यावर काय!" बाई त्याच आठवड्यात भिवंडीला गेल्या. नातीला मांडीवर घेतलेला फोटो आला. त्यात नात भोकाड पसरून रडत होती आणि बाई हसत होत्या.

नंतर मैत्रेयीने ज्यांनी राजीखुशीने परवानगी दिली अशा इतर पेशंटची जुळी वाढवली आणि त्यांतल्या काहींना पोषकद्रव तोडून औषधं दिली. निकाल स्वच्छ होता. उपाशी जुळी त्याच मात्रेला दुखावली, जेवलेली तगली. आता आमच्याकडे कुठल्याही जुळ्याला औषध द्यायच्या आधी पेशंटला विचारतात, उपवास कोणते, कसे, कधी सोडता. आणि जुळ्यालाही तेवढाच वेळ उपाशी ठेवून बघतात. बालमणीबाईंच्या जुळ्याला मात्र कुणी कधी उपाशी ठेवलं नाही.

या सगळ्याचा निबंध मैत्रेयीने लिहिला. तिचा पहिलाच. मी तपासायला घेतला, आणि 'पद्धती' या भागात एका वाक्याशी अडले. 'रुग्णाचा शनिवारचा उपवास उपचाराच्या काळात संशोधक विद्यार्थिनीने केला.'

मी ते वाक्य खोडलं. दुसऱ्या मसुद्यात ते परत आलं. मी पुन्हा खोडलं. ती मसुदा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, पद्धतीत जे केलं ते सगळं लिहायचं असतं ना? दुसऱ्या कुणाला हाच प्रयोग करायचा असेल तर काय काय करावं लागतं, ते त्याला कळायला हवं. हे नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं."

"लोक हसतील गं."

"हसू देत."

मी वाक्य ठेवलं. निबंध नियतकालिकाकडे गेला. बऱ्याच दिवसांनी परीक्षकांचे शेरे आले. एकाने आकडेमोडीची एक चूक काढली होती, ती खरी होती, आम्ही सुधारली. दुसऱ्याने त्या वाक्याखाली रेघ मारून विचारलं होतं, 'संशोधकाच्या उपवासाचा रुग्णाच्या यकृताशी जैविक संबंध काय?'

उत्तर मार्गदर्शकाने द्यायचं असतं. मैत्रेयी शेजारी उभी होती, पण मी तिला विचारलं नाही.

'काहीही नाही,' मी लिहिलं. 'पण त्याशिवाय रुग्ण जेवली नसती.'